लाइव्हजर्नलवर राहावे की निघावे?

४ एप्रिल २०१७ रोजी लाइव्हजर्नल या ब्लॉग लिहिण्याच्या सेवेच्या वापरकर्त्यांनी आपले खाते उघडले, तेव्हा नोंदींच्या आधी वापराच्या नव्या अटी समोर आल्या. करार रशियन भाषेत होता. इंग्रजी भाषांतर सोबत होते, पण त्याला कायदेशीर महत्त्व नाही आणि बंधनकारक आहे तो रशियन मजकूरच, असे त्यातच नमूद केले होते. रशियाचा कायदा लागू राहील, प्रौढांसाठीचा मजकूर त्या कायद्याच्या निकषांप्रमाणे चिन्हांकित करावा लागेल आणि स्वतंत्र करार नसेल तर राजकीय प्रचाराचा मजकूर टाकता येणार नाही, ही त्यातली ठळक कलमे होती. त्याआधी काही महिने, डिसेंबर २०१६ मध्ये, या सेवेचे सर्व्हर अमेरिकेतून रशियात गेले होते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी १९९९ मध्ये विद्यार्थीदशेत सुरू केलेली ही अमेरिकी सेवा २००५ मध्ये सिक्स अपार्ट या कंपनीकडे आणि २००७ च्या अखेरीस सुप या मॉस्कोतील कंपनीकडे गेली. पुढे सुप आणि रॅम्ब्लर हे समूह एक झाले आणि २०२० मध्ये रॅम्ब्लर स्बेरबँकेच्या पूर्ण ताब्यात आले. या बँकेतील बहुमताचा हिस्सा रशियन सरकारचा आहे. त्यामुळे सरकारी नियंत्रण हा शब्द इथे ढोबळ आरोप म्हणून वापरलेला नाही. कायदा, यंत्रे आणि मालकी ही तिन्ही एकाच देशात आहेत.

मराठी वाचकांपैकी लाइव्हजर्नलवर खाते असणारे फार नाहीत, पण आहेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकताना सरावासाठी तिथे वही, म्हणजे स्वतःचा ब्लॉग, उघडलेले, कथाकादंबऱ्यांच्या चाहत्यांच्या गटांतून तिथे पोहोचलेले, वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेले किंवा जाऊ घातलेले असे लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी आणि अशाच पेचात दुसऱ्या एखाद्या देशातील सेवेवर अडकलेल्यांसाठी ही टिपणे आहेत.

आधी प्रत घ्यावी

निर्णय कोणताही होवो, आपल्या लेखनाची पूर्ण प्रत हाती असल्याशिवाय त्याचा विचारच सुरू करू नये. प्रत नसलेला माणूस निर्णय घेत नाही, तो नुसता घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस एकतर रागाच्या भरात सगळे पुसून टाकतो किंवा पंधरा वर्षांचे लेखन जाईल या भीतीने काहीही मान्य करतो.

लाइव्हजर्नलच्या स्वतःच्या निर्यात-पानावरून एका वेळी एकाच महिन्याच्या नोंदी उतरवता येतात. दहा वर्षे लिहिणाऱ्याला हे काम एकशेवीस वेळा करावे लागते, आणि नोंदींखालच्या प्रतिक्रिया त्या फायलींत येत नाहीत. लाइव्हजर्नलवरचे निम्मे जगणे प्रतिक्रियांतच झालेले असल्यामुळे ही उणीव लहान नाही. म्हणून बहुतेकांनी ड्रीमविड्थचा रस्ता धरला. २००९ मध्ये लाइव्हजर्नलच्या माजी कर्मचाऱ्यांनी लाइव्हजर्नलच्याच मुक्त स्रोत संहितेवरून ही सेवा उभारली. तिथे मोफत खाते उघडून आयात सुरू केली की नोंदी, प्रतिक्रिया, टॅग आणि नावाशेजारची चिन्हचित्रे एकत्र उतरतात, निवडक मित्रांनाच दिसणाऱ्या कुलूपबंद नोंदी कुलूपबंदच राहतात आणि प्रतिक्रिया लिहिणाऱ्याच्या जुन्या नावानिशी येतात. काम रांगेत लागते, तेव्हा लगेच काही दिसले नाही म्हणून पुन्हा पुन्हा कळ दाबू नये.

या आयातीत एक गोष्ट येत नाही, आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. लाइव्हजर्नलवरच चढवलेली छायाचित्रे तिथेच राहतात. नव्या घरातील नोंद ती जुन्या पत्त्यावरून दाखवत असते, त्यामुळे सगळे नीट आले असा भास होतो आणि जुने खाते मिटवल्यावर नोंदींत रिकाम्या चौकटी उरतात. छायाचित्रे वेगळी उतरवून घ्यावीत आणि खाते मिटवण्यापूर्वी निदान वीसेक जुन्या नोंदी उघडून पाहाव्यात. मी हे पाहिले नव्हते, आणि कोकणातल्या एका लांबलचक प्रवासवर्णनात आता फक्त चित्रांखालच्या ओळी शिल्लक आहेत.

आयातीसाठी लाइव्हजर्नलचा पासवर्ड दुसऱ्या सेवेला द्यावा लागतो, म्हणून काम संपताच तो बदलावा. तो इतरत्र कुठे वापरला असेल तर तिथेही बदलावा. मे २०२० मध्ये लाइव्हजर्नलच्या सुमारे २ कोटी ६० लाख खात्यांची माहिती उघड्या पासवर्डांसह हॅकरांच्या चव्हाट्यावर आली होती, आणि या धोक्याचा सरकारशी काही संबंध नाही.

संगणकावर उतरवलेल्या फायलींना कुलूप नसते, हेही ध्यानात ठेवावे. जी नोंद संकेतस्थळावर पाच मैत्रिणींपुरती होती, ती आता लॅपटॉपमधील साधी फाईल असते. तोच लॅपटॉप घेऊन रशियात जायचे असेल, तर प्रत घरी, कूटबद्ध केलेल्या डिस्कवर ठेवून जावे.

नियंत्रण म्हणजे नेमके काय

‘सरकारी नियंत्रण’ या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. पहिली म्हणजे वाट अडवणे. १ फेब्रुवारी २०१४ पासून रशियात न्यायालयाच्या आदेशाविना एखादे पान बंद करण्याचा अधिकार लागू झाला, आणि मार्च २०१४ मध्ये रोस्कोमनादझोर या नियामक संस्थेने विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांचा लाइव्हजर्नलवरील ब्लॉग रशियातील वाचकांसाठी बंद करविला. त्या वेळी सर्व्हर रशियात नव्हते. वाट अडवण्यासाठी ते तिथे असण्याची गरजच नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती हाती लागणे, आणि सर्व्हर हलल्याने बदलले ते हेच. सॉर्म या व्यवस्थेद्वारे रशियाच्या गुप्तचर यंत्रणेला देशातील दळणवळणावर नजर ठेवता येते. सप्टेंबर २०१५ पासून रशियन नागरिकांची वैयक्तिक माहिती देशातच साठवण्याची सक्ती आहे, आणि २०१६ च्या ‘यारोवाया’ कायद्यांनी संदेशांचा मजकूर सहा महिन्यांपर्यंत साठवून ठेवण्याची आणि मागितल्यावर यंत्रणांना देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. इथे लाइव्हजर्नलच्या कुलपाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘फक्त मित्रांसाठी’ हे कुलूप इतर वाचकांना बाहेर ठेवते. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याला ते अडवत नाही, कारण नोंद यंत्रावर साध्या मजकुराच्या रूपातच पडलेली असते. पुष्कळ जण ‘माझे सगळे कुलूपबंद आहे’ असे सांगून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात चारचौघांसमोर जे बोलायचे नव्हते ते कुलपातच ठेवलेले असल्यामुळे सगळ्यात नाजूक मजकूर नेमका तिथेच असतो.

तिसरी गोष्ट मजकुराबद्दल शिक्षा होणे, आणि चौथी म्हणजे या साऱ्याच्या धाकाने माणसाने आपणच हात आखडता घेणे. चौथीची मोजणी करता येत नाही, तरी तिची एक चाचणी आहे आणि ती पुढे दिली आहे.

सर्व्हरपेक्षा माणसे कुठे आहेत ते पाहावे

२०१७ मधील चर्चा बहुतेक सर्व्हर या एकाच मुद्द्याभोवती फिरली. माझ्या मते निर्णयाचा कणा तो नाही. २००७ मध्ये रशियातील सिक्तिवकार शहरातील एका तरुण संगीतकाराने दुसऱ्याच कुणाच्या लाइव्हजर्नलवर पोलिसांविषयी जळजळीत प्रतिक्रिया लिहिली, आणि जुलै २००८ मध्ये त्याला एक वर्षाची निलंबित कैद झाली. त्या शिक्षेमुळे त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला, पण तो २०१८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. प्रतिक्रिया लिहिली गेली तेव्हा सर्व्हर अमेरिकेत होते. लिहिणारा सिक्तिवकारमध्ये होता, आणि खटला चालायला तेवढे पुरेसे ठरले.

म्हणून कागद घेऊन पहिला प्रश्न असा लिहावा : माझ्या खात्यातील मजकुरामुळे ज्याला त्रास होऊ शकतो, अशी कोणती व्यक्ती रशियाच्या हद्दीत राहते किंवा तिथे जाणार आहे? ती व्यक्ती आपणच असू. बहुधा ती आपली मैत्रीण असते, जिच्या नावाचा उल्लेख आपण २०१० मध्ये निष्काळजीपणे केला होता, किंवा आपल्या नोंदीखाली जिने मनमोकळे लिहिले होते. आपण ठाण्यात किंवा न्यू जर्सीत बसून सुरक्षित असतो. तिच्या चार ओळी आपल्या खात्यात मॉस्कोतल्या यंत्रावर असतात.

यानंतर जुन्या नोंदी चाळाव्या लागतात. हे कंटाळवाणे काम आहे, पण सगळे वाचण्याची गरज नाही. समलिंगी व्यक्तींचे जगणे, प्रेम किंवा तसे कथालेखन आधी पाहावे, कारण अल्पवयीनांसमोर अशा संबंधांच्या ‘प्रचाराला’ बंदी घालणारा रशियाचा २०१३ चा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये सर्व वयांसाठी लागू झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशी नोंदणीकृत संघटना कुठेच नाही. त्यामुळे तिच्यात कोण मोडतो हे ठरवायला यंत्रणा मोकळ्या आहेत. मग युक्रेन आणि क्रीमियाविषयीचा मजकूर पाहावा. ४ मार्च २०२२ पासून सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्याच्या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. त्यापाठोपाठ धर्म, चर्च आणि पोलीस हे विषय येतात. नोंद कायद्याच्या आधीची आहे, एवढ्यावर विसंबू नये, कारण पान आजही उघडते या कारणाने जुन्या मजकुराबद्दल दंड झाल्याची उदाहरणे रशियात आहेत.

कोणी काय करावे

ज्याचा रशियाशी जाण्यायेण्याचा, नात्याचा किंवा मैत्रीचा काही संबंध नाही आणि ज्याच्या मित्रयादीतही तसे कोणी नाही, त्याला भीतीपोटी निघण्याचे कारण नाही. त्याच्यापुढचा प्रश्न तत्त्वाचा आणि पैशाचा आहे. सशुल्क खात्याची वर्गणी शेवटी कोणाच्या तिजोरीत जाते, हे त्याने पाहावे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तर ते विशेष पाहावे, कारण २०२२ पासून स्बेरबँकेवर तिथले निर्बंध आहेत. मोफत खाते ठेवून वाचत राहण्यात मला काही वावगे वाटत नाही.

शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्या विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी खाते आवरावे, पोहोचल्यावर नव्हे. वसतिगृह, बाजार, बर्फ आणि परीक्षा यांविषयी त्याने खुशाल लिहावे. युद्ध, भरती आणि सीमेवरून ऐकलेल्या गोष्टी मात्र तिथे असेपर्यंत कोणत्याही सार्वजनिक जागी लिहू नयेत; जागा बदलल्याने हा धोका कमी होत नाही, हे सिक्तिवकारच्या प्रकरणावरून दिसतेच. या बाबतीत माझा सल्ला भित्रा वाटेल. तो तसाच आहे.

रशियात राहणाऱ्या रशियन लेखकाला बाहेरून ‘तू अजून तिथेच कसा’ असे विचारणे फार सोपे असते. १ ऑगस्ट २०१४ पासून तिथे दिवसाला ३,००० हून अधिक वाचक असणाऱ्या ब्लॉगरांनी सरकारकडे नोंदणी करायची होती. तो नियम २०१७ मध्ये मागे घेतला गेला, पण त्या काळातही लोक लिहीत राहिले. मार्च २०२२ मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्राम रशियात बंद झाले, आणि त्याच महिन्यात व्हिसा व मास्टरकार्ड यांनी तिथले काम थांबवल्याने परदेशी सेवेची वर्गणी रशियन कार्डावरून भरणेही अशक्य झाले. लाइव्हजर्नल मात्र तिथे व्हीपीएनविना उघडते. रशियन लोक ज्याला लाडाने ‘झे-झे’ म्हणतात, त्यावर जुन्या शहरांची, रेल्वेस्थानकांची, लाकडी घरांची छायाचित्रे आणि माहिती वर्षानुवर्षे जमवणारे लेखक आहेत, आणि त्यांचे वाचकही देशातच आहेत. त्यांनी बाहेर जागा घेतली तर जागा सुरक्षित होते, पण वाचक मागे राहतो आणि लेखक तर त्याच शहरात असतो. अशा माणसाने तिथे राहणे म्हणजे सरकारला मान तुकवणे, असे मी म्हणणार नाही. दोन जागा ठेवाव्यात, तिथली जागा निरुपद्रवी लेखनापुरती राखावी आणि बाहेरची जागा वेगळ्या नावाने, वेगळ्या ईमेलवर उघडावी, एवढेच सुचवता येते. दोन्हीकडे तेच चिन्हचित्र आणि तीच शब्दांची लकब ठेवली, तर वेगळ्या नावाचा उपयोग उरत नाही.

ज्यांचा निर्णय अजून अधांतरी आहे, त्यांच्यासाठी वर सांगितलेली चाचणी अशी : गेल्या वर्षभरात जे लिहायचे मनात होते आणि केवळ ही जागा रशियातली आहे म्हणून जे लिहिले नाही, त्या विषयांची नावे आठवून कागदावर लिहावीत. कागद कोराच राहिला तर घाई करू नये. तीन-चार नावे सहज उतरली तर आपण मनाने आधीच निघालेले आहात आणि आता सामान हलवणे बाकी आहे. ‘राजकीय प्रचार’ या शब्दांची व्याख्या सैल असली की प्रत्येक जण ती स्वतःपुरती अधिक कडक करून घेतो, आणि हे इतके हळूहळू होते की नावे लिहून काढल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

निघताना

खाते मिटवले की ३० दिवसांपर्यंत ते परत मिळवता येते, त्यानंतर मजकूर कायमचा जातो. मिटवताना, इतरांच्या वह्यांत आपण लिहिलेल्या प्रतिक्रिया आणि गटांतील नोंदीही पुसायच्या का, असे विचारले जाते. तिथे घाईने खूण करू नये. आपल्या प्रतिक्रिया गेल्या की दुसऱ्याच्या वहीतील संवाद मध्येच तुटतो आणि उत्तरे प्रश्नांविना लोंबकळत राहतात. ज्यांच्याशी खूप बोलणे झाले त्या दोघातिघांना आधी कळवावे. रशियातील कोणाच्या जिवाशी खेळ होत असेल तर मात्र विचारत बसू नये, पुसून मोकळे व्हावे; कंपनीच्या साठ्यात जुनी प्रत राहिली असण्याची शक्यता गृहीत धरूनही सार्वजनिक पान नाहीसे होणे मोलाचे असते.

मला स्वतःला खाते पूर्ण मिटवण्यापेक्षा ते रिकामे करून ठेवणे अधिक पसंत आहे. मिटवलेले नाव पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ शकते, आणि ज्या नावाने वीस वर्षे लोक आपल्याला ओळखत होते त्या नावाने भलताच कोणी बोलू लागणे बरे नव्हे. सगळ्या नोंदी काढून एकच उघडी नोंद ठेवावी आणि तिच्यात नवा पत्ता द्यावा.

गट चालवणाऱ्याची जबाबदारी वेगळी असते. गटातील नोंदी त्याच्या नसतात. त्या दुसऱ्या सेवेवर उतरवण्यापूर्वी सदस्यांना ठळक सूचना आणि पुरेसा अवधी द्यावा, आणि ज्याला आपले लेखन नेऊ द्यायचे नसेल त्याचे वगळावे. विनापरवानगी झालेली स्थलांतरे पुढे भांडणांना कारण होतात, आणि तक्रार करणाऱ्याचे बहुतेक वेळा बरोबर असते.

नवी जागा निवडताना ती कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे, तिचा खर्च कोण भागवतो आणि तिथून सगळे लेखन प्रतिक्रियांसह बाहेर काढता येते का, हे तीन प्रश्न विचारावेत. ड्रीमविड्थ जाहिराती घेत नाही, सशुल्क खात्यांवर चालते आणि अमेरिकेच्या कायद्याखाली येते. आपल्याकडच्या सेवा निर्धोक असतात या समजुतीत मात्र राहू नये. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी सरसकट ब्लॉगस्पॉटच अडवले आणि काही दिवस देशभरच्या ब्लॉगरांना स्वतःचीच पाने उघडता आली नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालील पाने अडवण्याचे आदेश तर नियमांप्रमाणे गोपनीयच ठेवले जातात. शक्य असेल त्याने स्वतःच्या नावाचा डोमेन घ्यावा, म्हणजे पुढे जागा बदलली तरी वाचकांना तोच पत्ता पुरतो.

रशियातील मित्रमैत्रिणींना निरोप देताना एक पथ्य पाळावे. त्यांच्या वहीत, त्यांच्या नोंदीखाली, आपण का निघालो याचे स्पष्टीकरण लिहू नये. आपला राग खरा असतो, पण तो त्यांच्या पानावर, त्यांच्या नावाखाली राहतो आणि तिथून तो पुसण्याचे काम त्यांच्यावर येते. नवा पत्ता आपल्याच पानावर ठेवावा. त्यांच्याकडे फक्त इतकेच लिहावे की वही दुसरीकडे नेली आहे, आणि त्या दिवशीच्या त्यांच्या नोंदीतल्या बर्फाबद्दल किंवा मांजराबद्दल नेहमीसारखे दोन शब्द.